पोफळीची वीज, मुंबईचं नेट

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे निघालं की पायथ्याला पोफळी लागते. एसटीतल्या प्रवाशाला या गावाचा खरा पसारा दिसत नाही, कारण तो डोंगराच्या पोटात आहे. घाटमाथ्यापलीकडे, पाटण तालुक्यात अडवलेलं कोयनेचं पाणी सह्याद्री पोखरून काढलेल्या बोगद्यांतून पश्चिमेला येतं, साडेचारशे मीटरांहून अधिक खाली झेपावतं आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली जनित्रं फिरवतं. १९६२ पासून हे चालू आहे. पोफळीच्या पहिल्या दोन टप्प्यांची क्षमता सुमारे ६०० मेगावॅट, आणि पुढचे टप्पे धरून सगळ्या कोयना प्रकल्पाची सुमारे १,९६० मेगावॅट. पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात आणि तिथून वाशिष्ठीत जातं; वीज मनोऱ्यांवरून राज्यभर जाते, मुंबईलाही.

इंटरनेटचा प्रवास नेमका उलटा. भारताला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबलींपैकी मोठा वाटा मुंबईच्या किनाऱ्यावर वर येतो. तिथून महामार्ग आणि रेल्वेच्या कडेकडेनं फायबर चिपळूणपर्यंत येते, आणि मग शिरगाव, अलोरे, पोफळीसारख्या गावांकडे वळते. मुंबई ते चिपळूण हा टप्पा मोठ्या कंपन्या सांभाळतात. तिथून वाडीतल्या घरापर्यंतचे शेवटचे दहा-वीस किलोमीटर मात्र कोकणात अनेक ठिकाणी एखादा स्थानिक उद्योजकच सांभाळतो. परवान्याच्या कागदावर तो 'इंटरनेट सेवा पुरवठादार' असतो किंवा अशा पुरवठादाराचा भागीदार. गावाच्या तोंडी तो अजूनही 'केबलवाला' किंवा 'नेटवाला' असतो. त्याची कारकीर्द कशी घडते, त्याचा धंदा कसा चालतो आणि तो टिकणं आपल्या गरजेचं का आहे, हे समजून घेण्यासारखं आहे.

परवाना होता, तार नव्हती

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम लिमिटेडनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा निगमाचे प्रमुख होते ब्रिजेंद्र सिंगल. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम नंबर फिरवायचा, करकर आवाज व्हायचा आणि नशीब असेल तर ९.६ केबीपीएसची जोडणी लागायची. ठरावीक तासांच्या खात्याला हजारो रुपये मोजावे लागत. तीन वर्षं हा सगळा कारभार एकट्या निगमाच्या हातात होता.

नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारनं खासगी कंपन्यांना दार उघडलं. परवाना शुल्क सुरुवातीची पाच वर्षं माफ आणि त्यानंतर वर्षाला नाममात्र एक रुपया. शेकडो परवाने निघाले. त्याच महिन्यात आर. रामराज यांच्या नेतृत्वाखालच्या 'सत्यम इन्फोवे'नं, म्हणजे आजच्या 'सिफी'नं, सेवा सुरू केली आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये ही कंपनी अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात नोंदली गेली. देशाला पहिल्यांदाच कळलं की इंटरनेट पुरवणं हाही एक धंदा आहे आणि त्यात नाव काढता येतं.

पण परवाना घेतलेल्यांतले बरेच जण प्रत्यक्ष सेवेपर्यंत पोचलेच नाहीत, आणि पोचलेल्यांतलेही अनेक पुढे विकले गेले किंवा बंद पडले. चेन्नईच्या सी. शिवशंकरन यांच्या 'डिशनेट'नं टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून वेगवान इंटरनेट देण्याचा धाडसी प्रयोग केला. त्या कंपनीचा इंटरनेट व्यवसाय २००४ मध्ये सुमारे २७० कोटी रुपयांना विदेश संचार निगमाकडे गेला. या पहिल्या पिढीची मोठी अडचण एकच होती. परवाना त्यांचा, पण ग्राहकाच्या घरात गेलेली तार बहुधा दुसऱ्याची. ज्याची तार त्याचा ग्राहक, हा या धंद्याचा मूळ नियम तिथे ठरून गेला.

ज्याच्याकडे तार होती तो

त्याच काळात देशभर एक माणूस हातात तारेचं भेंडोळं घेऊन घरोघरी फिरत होता. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, आणि गल्लीगल्लीत, वाडीवाडीत केबल टीव्हीचे धंदे उभे राहिले. गच्चीवर डिश, खोलीत यंत्रांची मांडणी आणि तिथून माडा-पोफळींवरून, विजेच्या खांबांवरून, कौलांवरून गेलेली काळी तार. १९९५ च्या केबल कायद्यानं या धंद्याला चौकट मिळाली. नोंदणी व्हायची ती मुख्य टपाल कार्यालयात.

या केबलवाल्याकडे कंपन्यांकडे नसलेल्या तीन गोष्टी होत्या. कुठल्या परड्यातून तार न्यायची तर कुणाला विचारायचं, हे त्याला ठाऊक होतं. खांबावर चढणारी पोरं त्याच्या हाताशी होती. आणि महिन्याच्या महिन्याला प्रत्येक उंबरठ्यावर जाऊन वसुली करण्याची त्याला सवय होती. २०१२ पासून टप्प्याटप्प्यानं केबल टीव्ही डिजिटल करणं सक्तीचं झालं. सेट-टॉप बॉक्स आले, वाहिन्यांचं नियंत्रण मोठ्या कंपन्यांकडे गेलं आणि स्थानिक केबलवाल्याचा नफा आटला. पुढे मोबाइलवर मालिका आणि सामने दिसू लागले. धंदा बसणार हे ज्यांनी वेळेत ओळखलं, त्यांनी त्याच खांबांवर फायबर ओढली. आज महाराष्ट्रातल्या तालुक्यांत इंटरनेट पुरवणारे अनेक जण याच वाटेनं आलेले आहेत.

धंद्याचं गणित

नियमांच्या बाजूनं हा धंदा छोट्या माणसाला बंद नाही. २०१३ च्या युनिफाइड लायसन्स पद्धतीत इंटरनेट पुरवठादारांचे तीन वर्ग केले गेले. 'अ' वर्गाला देशभर सेवा देता येते, 'ब' वर्गाला एका दूरसंचार मंडळात, आणि 'क' वर्गाला साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रात. प्रवेश शुल्क अनुक्रमे ३० लाख, २ लाख आणि २० हजार रुपये. म्हणजे रत्नागिरीपुरता धंदा करू पाहणाऱ्याला प्रवेशाची रक्कम एखाद्या चांगल्या मोबाइलएवढी होती. खरा खर्च नंतर सुरू होतो. ग्राहकांची ओळखपत्रं, वापराच्या नोंदी, सरकारला द्यायची विवरणं हे सगळं वेळच्या वेळी करावं लागतं. ज्यांना एवढा व्याप नको असतो ते मोठ्या पुरवठादाराचे भागीदार होतात. बीएसएनएल स्थानिक केबलवाल्यांना सोबत घेऊन उत्पन्नाच्या वाटणीवर फायबर सेवा देतं. रेल्वेची 'रेलटेल' कंपनी रुळांशेजारच्या फायबरच्या जोरावर 'रेलवायर' याच पद्धतीनं चालवते.

आता मालाकडे वळू. हा उद्योजक बँडविड्थ घाऊक भावानं घेतो आणि किरकोळीनं विकतो. समजा त्याची ३०० घरं आहेत आणि प्रत्येकाला ५० एमबीपीएसची योजना दिली आहे. बेरीज होते १५ जीबीपीएस. तेवढी बँडविड्थ विकत घ्यायची तर धंदा पहिल्याच महिन्यात बुडेल. पण नळपाणी योजनेत जसे गावातले सगळे नळ एकाच क्षणी पूर्ण सोडलेले नसतात, तसंच इथेही असतं. रात्री आठ ते अकरा या सर्वांत गर्दीच्या वेळीसुद्धा सरासरी वापर घरामागे दोन-तीन एमबीपीएसच्या आसपास धरला, तर एक जीबीपीएसमध्ये ३०० घरं सुखानं नांदतात. त्यात लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती वरच्या पुरवठादाराच्या जवळच्या सर्व्हरवर साठवलेल्या असतात, त्यामुळे सगळा माल समुद्रापलीकडून आणावा लागत नाही. २००३ मध्ये 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली ती याच कारणानं. तोवर दोन भारतीय पुरवठादारांमधला मजकूरसुद्धा अनेकदा परदेशातून वळसा घालून यायचा.

या गणितात प्रामाणिकपणाची कसोटी आहे. एका जीबीपीएसवर ३०० घरं बसवणं हा हिशेब झाला. तिथेच ९०० घरं बसवणं ही ग्राहकाची फसवणूक. ती कागदावर दिसत नाही, पण रात्री नऊ वाजता मुलाचा ऑनलाइन तास अडखळायला लागला की घरातल्या सगळ्यांना कळते.

पैशाची बाजू तर त्याहून तंग. ग्राहकानं महिन्याला ५०० रुपये दिले तर १८ टक्के जीएसटीपोटी त्यातले सुमारे ७६ रुपये सरकारकडे जातात. उरलेल्यातून बँडविड्थ, परवान्याची देणी, खांबांचं भाडं, पोरांचे पगार, पेट्रोल, वीज, बॅटऱ्या आणि कर्जाचा हप्ता. दहा घरांनी महिनाभर पैसे थकवले तर एका पोराच्या पगाराची ओढाताण होते. म्हणून या धंद्यात तांत्रिक ज्ञानाइतकंच वसुलीचं कसब लागतं, आणि गावात वसुली माणुसकी सांभाळून करावी लागते.

काचेचा तंतू

चिपळूणसारख्या ठिकाणी उद्योजकाच्या खोलीत 'ओएलटी' नावाची पेटी असते. तिच्या एका तोंडातून निघालेला प्रकाश एकाच तंतूतून गावाकडे जातो. वाटेत खांबावरच्या डब्यात 'स्प्लिटर' बसवलेला असतो. तो त्या प्रकाशाचे आठ, सोळा किंवा बत्तीस भाग करतो, आणि प्रत्येक भाग एकेका घरातल्या 'ओएनटी' या छोट्या यंत्रापर्यंत पोचतो. प्रचलित पद्धतीत एका तोंडातून सुमारे २.५ जीबीपीएस खाली येतात, १.२५ जीबीपीएस वर जातात आणि साधारण २० किलोमीटरपर्यंत वाटेत कुठेही विजेची गरज लागत नाही. खंडित विजेच्या प्रदेशात हा मोठाच दिलासा आहे. वाटेतलं सगळं जाळं निव्वळ काचेवर चालतं. वीज लागते ती फक्त दोन टोकांना.

या काचेची नजाकत जोड मारताना कळते. वळवाच्या वाऱ्यात फांदी पडून केबल तुटली आहे असं समजा. आधी खोलीतून 'ओटीडीआर' यंत्रानं तंतूत प्रकाशाची स्पंदनं सोडतात. ती परत यायला किती वेळ लागतो यावरून तूट किती मीटरवर आहे ते कळतं. मग पोरगा शिडी घेऊन त्या खांबाशी जातो. वरचं काळं आवरण सोललं की आत बारीक नळी, आणि नळीत जेलमध्ये बुडालेले रंगीत तंतू. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी हा क्रम या कामातल्या प्रत्येकाला पाढ्यांसारखा पाठ असतो. जोडण्याआधी तंतूवर संरक्षक नळकांडी सरकवून ठेवायची; ती विसरली तर झालेला जोड पुन्हा तोडावा लागतो. मग रंगाचा थर खरवडायचा, अल्कोहोलनं काच पुसायची आणि 'क्लीव्हर'वर टोक अगदी काटकोनात कापायचं. उरलेल्या काचेची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, आणि त्यातही प्रकाश वाहतो तो मधल्या सुमारे ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. दोन्ही टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवली की पडद्यावर ती मोठी होऊन दिसतात. बटण दाबताच विजेची ठिणगी पडते, काच वितळते आणि काही सेकंदांत दोन तंतू एक होतात. मशीन अंदाज दाखवतं: ०.०२ डीबी लॉस. नळकांडी जोडावर सरकवून गरम करायची, पॉवर मीटर लावायचा. वाचन उणे वीसच्या आसपास आलं तर काम फत्ते. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेलं तर घरातल्या यंत्रावरचा लाल दिवा काही विझत नाही.

जुलैच्या पावसात हे सगळं छत्रीखाली, भिजलेल्या शिडीवर उभं राहून करायचं असतं. ओल आणि वारा जोडाला मानवत नाहीत. हे कसब एखाद्या आठवड्याच्या शिबिरात दाखवता येतं, पण हात बसायला काही पावसाळे जावे लागतात. कोकणातल्या तरुणाला गावात राहून शिकता आणि कमावता येईल असं हे काम आहे, आणि त्याला आपण अजून पुरेसा मान दिलेला नाही.

कोकणची परीक्षा

चिपळूण-पोफळीच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभ्यात चर खणणं महाग, म्हणून केबल खांबांवरूनच जाते आणि झाडांच्या तावडीत सापडते. वाड्या विखुरलेल्या, मध्ये पऱ्या, डोंगरधार, पाखाड्या. शहरातल्या एका इमारतीत चाळीस घरं मिळतात, तर इथे चाळीस घरांसाठी कित्येक किलोमीटर केबल ओढावी लागते. काचेतून वीज वाहत नाही, पण केबलला आधार देणारी पोलादी तार आणि घरातला ॲडॅप्टर यांना विजांचा कडकडाट भोवतो. त्यात रस्ते रुंदीकरणाचे जेसीबी. एक बकेट चुकीच्या जागी पडली की अख्ख्या खोऱ्याचं नेट जातं. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप काढलं. खणणाऱ्यानं आधी कळवावं आणि जमिनीखालच्या वाहिन्यांच्या मालकानं त्याला सावध करावं अशी ती सोय. तालुक्यातल्या प्रत्येक कंत्राटदारानं ती वापरली तर निम्मा मनस्ताप वाचेल.

मोठी संकटंही या भागानं पाहिली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं मंडणगड-दापोलीकडे खांब, तारा, माड, पोफळी सगळं आडवं केलं. ते टाळेबंदीचे दिवस होते. चाकरमानी गावी परतले होते, शाळा मोबाइलवर भरत होत्या आणि शेकडो घरांचं पोट लॅपटॉपवर अवलंबून होतं. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, वाशिष्ठीच्या पुरानं चिपळूणची बाजारपेठ बुडवली आणि संपर्क तुटल्यानं बाहेरगावच्या नातेवाइकांचा जीव टांगणीला लागला. या दोन वर्षांनी या धंद्याला ठणकावून सांगितलं: यंत्रं तळमजल्यावर ठेवू नका, बॅटऱ्या आणि जनरेटर यांत काटकसर करू नका, आणि चिपळूणपर्यंत येणारी फायबर दोन वेगळ्या वाटांनी आणा.

दुसऱ्या वाटेसाठी कोकणात साधनं आहेत. कोकण रेल्वेच्या मार्गाशेजारून फायबर गेलेली आहे. उच्चदाब वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांवर सर्वांत वर जी विजांपासून रक्षण करणारी तार असते, तिच्या पोटातही हल्ली प्रकाशतंतू घालतात. पॉवरग्रिडनं आणि महाराष्ट्रात महापारेषणनं अनेक वाहिन्यांवर अशा तारा बसवल्या आहेत. ज्या पोफळीतून वीजवाहिन्यांचं जाळं निघतं, त्या गावासाठी ही वाट विशेष महत्त्वाची ठरू शकते. जिथे केबल नेणं परवडतच नाही तिथे डोंगरावरून डोंगरावर रेडिओ लहरींनी दुवा साधता येतो. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरी परवान्याशिवाय वापरायला मोकळ्या झाल्यानं हा मार्ग छोट्या पुरवठादारालाही खुला आहे.

मोठ्यांची लाट

महाराष्ट्रातली एक कारकीर्द या संदर्भात आवर्जून पाहावी. प्रकाश बाजपेयी यांनी २००८ मध्ये मुंबईत 'टिकोना' सुरू केली. घरांवर छोटे अँटेना बसवून बिनतारी ब्रॉडबँड द्यायचं, म्हणजे रस्ते खणण्याचा आणि खांबांचा प्रश्नच नको, अशी कल्पना. गुंतवणूकदार मिळाले, शहरांत ग्राहक मिळाले. २०१० च्या लिलावात कंपनीनं गुजरात, राजस्थान, हिमाचल प्रदेश आणि उत्तर प्रदेशचे दोन्ही भाग अशा पाच मंडळांच्या लहरी हजार कोटींहून अधिक रुपयांना घेतल्या. पण लहरी घेणं आणि त्यावर जाळं उभारणं यांत फार अंतर असतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटाचे भाव कोसळले आणि २०१७ मध्ये टिकोनाचा हा ४जी व्यवसाय सुमारे १,६०० कोटी रुपयांना एअरटेलनं घेतला.

२०१९ मध्ये जिओफायबर आलं, मग बिनतारी एअरफायबर आलं, आणि २०२५ मध्ये स्टारलिंकला उपग्रहावरून सेवा देण्याचा परवाना मिळाला. मोठ्या कंपनीशी भावात लढायला गेलेला छोटा उद्योजक हरतोच. त्याचा टिकाव लागतो तो दुरुस्तीच्या वेळेवर. तक्रार आल्यावर संध्याकाळपर्यंत माणूस दारात उभा राहतो का, गणपतीत चाकरमानी आले आणि एका घरात पंधरा मोबाइल जोडले गेले तर कोणी वाट काढून देतं का, आजीला टीव्हीचा रिमोट समजावून सांगतं का, यावर गावातला ग्राहक टिकतो. दूरच्या कॉल सेंटरला ही सेवा देता येत नाही.

गावानं स्वतः उभारलेली जाळी

जगात याचे चांगले दाखले आहेत. इंग्लंडच्या लँकाशायरमधल्या ग्रामीण भागात मोठ्या कंपन्या जायला तयार नव्हत्या. २०११ मध्ये बॅरी फोर्ड आणि गावकऱ्यांनी 'बीफोरआरएन' ही संस्था काढली. लोकांनी शेअर घेऊन भांडवल उभं केलं, शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून फुकट वाट दिली, गावकऱ्यांनी स्वतः चर खणले, आणि शेतावरच्या घरांत एक जीबीपीएसची फायबर पोचली. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या जॅरेड मॉक या अभियंत्याकडे एका कंपनीनं घरापर्यंत केबल आणण्यासाठी ५० हजार डॉलर मागितले. त्यानं स्वतःचीच फायबर कंपनी काढली, शेजाऱ्यांना जोडलं, आणि २०२२ मध्ये आणखी शेकडो घरं जोडण्यासाठी त्याला सुमारे २६ लाख डॉलरचा सरकारी निधी मिळाला.

आपल्याकडचा दाखला पालघर जिल्ह्यातला. तेव्हा मुंबई आयआयटीत असलेले प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्राममार्ग' प्रकल्पात टीव्ही प्रक्षेपणाच्या रिकाम्या लहरी वापरून खेड्यांपर्यंत इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत तो विजेता ठरला. तंत्रापलीकडे त्यांनी मांडलेला विचार मला अधिक मोलाचा वाटतो: सरकार, खासगी उद्योजक आणि पंचायत यांनी मिळून जाळं चालवावं, आणि गावातल्याच तरुणानं त्याची देखभाल करून त्यातून कमवावं.

पंचायतीच्या दारात आलेली फायबर

केंद्र सरकारनं २०११ मध्ये देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरनं जोडायचं ठरवलं. पुढे त्या योजनेचं नाव भारतनेट झालं, आणि महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम 'महानेट' म्हणून राज्यानं अंगावर घेतलं. फायबर पंचायतीपर्यंत पोचली, पण अनेक गावांत ती कार्यालयातल्या पेटीतच थबकली. यंत्र बंद पडलं तर विचारायचं कोणाला हेच माहीत नसे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात स्थानिक 'उद्यमी'च्या हाती घरोघरची जोडणी आणि देखभाल द्यायची आणि उत्पन्नाची निम्मी-निम्मी वाटणी करायची असं ठरलं. केबलवाल्यांनी तीस वर्षांत सिद्ध केलेली गोष्ट सरकारी योजनेत यायला इतका वेळ लागला. पण आली हे चांगलं झालं.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणाला माझं सांगणं असं. परवाना किंवा भागीदारीचा कागद आधी, ग्राहक नंतर. पहिल्या दिवसापासून प्रत्येक खांबाचा, डब्याचा आणि जोडाचा नकाशा ठेवा. तुमच्या डोक्यात असलेलं जाळं तुमच्या आजारपणात कोणाच्याच उपयोगाचं नसतं. कर्ज काढून पाचशे घरांची स्वप्नं पाहण्याआधी पन्नास घरांना वर्षभर चोख सेवा द्या. पोरांना हेल्मेट, पट्टा आणि विमा द्या, कारण विजेच्या खांबावर चढणं हे जिवावरचं काम आहे.

पंचायतींनी खांबांची आणि खणण्याची परवानगी अडवून ठेवू नये. दूरसंचार वाहिन्यांच्या वाटहक्काचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत आणि परवानगीला मुदत घातली गेली आहे. त्याची माहिती ग्रामसेवकाकडे असायला हवी. ग्राहकांनी पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेत, आणि सेवा नीट नसेल तर तितक्याच ठामपणे जाब विचारावा.

येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न जरूर विचारा. आपल्या पंचायतीत भारतनेटची फायबर आली आहे का? आली असेल तर ती चालू आहे का? आणि ती वाडीवाडीत नेण्याची जबाबदारी आपल्या गावातल्या कोणत्या तरुणाला द्यायची? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्या गावाकडे तयार असेल, त्या गावाचं नेट पावसाळ्यातही टिकेल.